पीसीव्ही व्हॉल्व्ह: धुऊन वापरायचा, नवा घ्यायचा की कॅच कॅन लावायचा?

टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण, यालाच हेड कव्हरही म्हणतात) कडेने तेल पाझरायला लागलं की गॅरेजमध्ये पहिला शब्द निघतो तो ‘पॅकिंग’. आमच्या अकरा वर्षांच्या पेट्रोल हॅचबॅकचं हे पॅकिंग दीड वर्षात दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा तीन-चार महिन्यांत पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मिस्त्री म्हणाला, ‘क्रँकचं सीलही गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ मी गाडी तशीच घरी आणली, थंड होऊ दिली आणि हेड कव्हरवरचा बोटाएवढा पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह उपटून कानाशी हलवला. चांगल्या व्हॉल्व्हमधली पिन खुळखुळ्यासारखी वाजते. हा मुका होता.

या चिमुकल्या वस्तूचं काम काय? पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी दर स्फोटाला थोडा गॅस त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भागात, उतरतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, तेलाचे सूक्ष्म थेंब असतात. पूर्वी एक नळी खाली रस्त्याकडे सोडून हा सगळा धूर बाहेर फेकून देत. 1961 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर तो इंजिनमध्येच परत ओढून जाळायची सोय आली. तीच आज आपल्या गाडीत आहे. आयडलिंगला मॅनिफोल्डची (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांची) ओढ जोरात असते, तेव्हा व्हॉल्व्ह वाट आवळून धरतो; ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते आणि वाट मोकळी होते. व्हॉल्व्ह चिकटून बंद झाला, तर कोंडलेला गॅस जिथे पॅकिंग कच्चं असेल तिथून तेल ढकलतो. एअर फिल्टरकडच्या नळीतून उलटा जाऊन फिल्टरही तेलकट करतो. उघडाच अडकला किंवा नळी फाटली, तर तऱ्हा वेगळी: आयडलिंग वरखाली होतं, चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी0171 येतो, म्हणजे मिश्रणात हवा जास्त. कधी कधी निळसर धूरही निघतो.

धुवायचा की बदलायचा हे ठरवण्याआधी दोषी तोच आहे का, ते पाहा. इंजिन आयडलिंगला ठेवून व्हॉल्व्ह हेड कव्हरमधून काढा, नळी मात्र लागलेलीच राहू द्या. उघड्या तोंडावर बोट ठेवलं की ओढ जाणवली पाहिजे आणि आत ‘टक’ व्हायला हवं. ओढच नसेल तर नळी किंवा व्हॉल्व्ह तुंबलाय. ओढ आहे पण टक नाही, तर पिन चिकटलीय. या कामाला अवजार लागत नाही, फक्त बाही पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

आता धुण्याबद्दल. कार्ब क्लीनरचा फवारा दोन्ही तोंडांतून मारायचा, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत. वाळल्यावर एक स्वच्छ नळी लावून फुंकायचं: इंजिनच्या बाजूने हवा सहज जावी, मॅनिफोल्डच्या बाजूने जवळजवळ अडावी. (फुंकायचं, ओढायचं नाही, आतला गाळ तोंडात आला की आठवडाभर चव राहते.) खर्च जवळपास शून्य. पण धुण्याने स्प्रिंग नवी होत नाही. दहा वर्षं तेलाच्या वाफेत उकळलेली स्प्रिंग मऊ पडलेली असेल, तर व्हॉल्व्ह वाजतो खरा, पण वाट चुकीच्या वेळी उघडतो. माझा मुका व्हॉल्व्ह धुतल्यावर बोलायला लागला आणि सहा आठवड्यांत पुन्हा गप्प झाला. त्यामुळे धुणं ही मला दुरुस्तीपेक्षा तपासणी वाटते: धुतल्यावर आयडलिंग सुधारलं आणि तेल थांबलं, तर रोग सापडला. औषध म्हणजे नवा व्हॉल्व्ह.

साध्या पेट्रोल गाड्यांत तो काही शे रुपयांत मिळतो. फक्त त्याच्या मापाचाच घ्या. आटे बसले म्हणून दुसऱ्या इंजिनाचा लावला तर वाट कमीजास्त होते आणि आयडलिंगचं नवं दुखणं मागे लागतं. त्याच्या बुडाशी असलेला रबरी ग्रोमेट नखाने दाबून पाहा. प्लास्टिकसारखा कडक झाला असेल तर तोही बदला, नाहीतर कडेने हवा शिरत राहील. नळी गेली असेल तर तेल सोसणारीच हवी. पाण्याची साधी नळी तेलाने फुगते आणि ओढीने आतून चिकटते. व्हॉल्व्ह, ग्रोमेट आणि नळी एकदम बदलल्यावर माझं कव्हरचं पॅकिंग दोन पावसाळे टिकलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागलेला नाही.

काही टर्बो पेट्रोल गाड्यांत मात्र सुटा व्हॉल्व्हच नसतो. रबराचा पातळ पडदा हेड कव्हरमध्ये किंवा तेल वेगळं करणाऱ्या डबीत बसवलेला असतो. तो फाटला की आयडलिंगला शिट्टी ऐकू येते, कधी ऑइल कॅप कोणी आतून धरल्यासारखी घट्ट होते. तिथे कार्ब क्लीनर मारू नका, उरलासुरला पडदाही जातो. कंपनी पूर्ण कव्हर देते आणि ते हजारांत जातं. बाजारात नुसता पडदाही मिळतो. कव्हरला तडा नसेल आणि झाकण न मोडता उघडणारा हात मिळत असेल, तर पडदा बदलून पाहायला हरकत नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर हात लावू नका.

कॅच कॅनची हवा सध्या तरुण मंडळींत जोरात आहे. नळीच्या मध्ये डबा, त्यात तेल-पाणी साचतं, इंजिनात कमी जातं. ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे याला अर्थ आहे, कारण इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि तेलाची वाफ त्यांच्यावर काजळी धरते. आपल्याकडच्या साध्या पेट्रोल गाड्यांत पेट्रोल त्या व्हॉल्व्हवरच पडतं. तिथे कॅन म्हणजे हौस. शिवाय डबा वेळेवर रिकामा करावा लागतो. विसरलात आणि भरला, तर साचलेलं एकदम इंजिनात जाऊ शकतं. आणि तुंबलेल्या व्हॉल्व्हवर तो उपाय नाहीच. नळी काढून हवेत सोडायची युक्ती कोणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. क्रँककेसचा धूर बाहेर सोडायला परवानगी नाही, आणि तो वास एसीतून तुमच्याच नाकात येतो.

पावसाळ्यात ऑइल कॅपखाली चहावरच्या सायीसारखा पिवळट थर दिसला तर लगेच हेड गॅस्केट (कूलंट आणि तेल वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेलं म्हणून घाबरू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तेल पुरेसं तापत नाही, वाफेचं तिथेच पाणी होतं. एकदा तासभर हायवेला फिरवून आणा. थर पुन्हा धरला तर व्हॉल्व्ह पाहा. त्याच वेळी कूलंट कमी होत असेल तर मात्र गॅरेज गाठा.

डिझेलवाल्यांचं गणित निराळं. तिथे मॅनिफोल्डची तशी ओढ नसते, म्हणून बहुतेक ठिकाणी ब्रीदर पाइप (क्रँककेसमधला गॅस नेणारी नळी) आणि तेल वेगळं करणारी डबीच असते. जुनी डिझेल घेताना ऑइल कॅप उघडून ‘बॅक कंप्रेशन आहे (म्हणजे रिंगांतून खाली उतरलेला गॅस कॅपमधून मारतोय), इंजिन गेलं’ असा निकाल दिला जातो. ब्रीदर तुंबला असेल तर सगळा गॅस कॅपच्या वाटेनेच येणार, रिंगा चांगल्या असल्या तरी. आधी ब्रीदर साफ करून घ्या, मग कॅप उघडा, आणि तरीही धूर भकाभका येत असेल तर किंमत पाडण्याआधी सिलिंडरमधला दाब मोजणारं कंप्रेशन गेज लावायला सांगा.