धनाढ्य मालक की चाहत्यांची मालकी?

फुटबॉल क्लब विकला जाणार अशी कुणकुण लागली की चाहत्यांत दोन तट पडतात: एकाला श्रीमंत मालक हवा असतो, दुसऱ्याला मालकीत स्वतःचा वाटा. पहिल्या पक्षाचे म्हणणे उडवून लावता येत नाही, कारण चांगले खेळाडू पैशाविना येत नाहीत. मात्र तो पैसा कोणाचा, हे आधी पाहायला हवे. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड घेतला तो बऱ्याच अंशी कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा बोजा क्लबच्याच माथी आला. म्हणजे ज्याला विकत घेतले त्यानेच व्याज भरायचे. 2010 मध्ये निषेध म्हणून प्रेक्षकांच्या गळ्यात लाल रंगाऐवजी हिरवे-सोनेरी मफलर दिसू लागले. ते क्लबच्या न्यूटन हीथ या जुन्या नावाच्या काळातले रंग होते.

दुसऱ्या पक्षाला पोर्ट्समथ दाखवता येतो. डबघाईला आलेला हा क्लब 2013 मध्ये चाहत्यांनी 1,000 पौंडांचा एकेक शेअर घेऊन, काही सधन समर्थकांच्या साथीने वाचवला आणि 2017 मध्ये त्याने लीग टूचे, म्हणजे इंग्लंडमधील चौथ्या श्रेणीच्या लीगचे, विजेतेपदही मिळवले. गंमत अशी, की त्याच वर्षी या भागधारकांनी मतदान करून क्लब डिस्नीचे माजी प्रमुख मायकल आयस्नर यांच्या कंपनीला विकला.

मला जर्मनीतील 50+1 नियम अधिक पटतो, कारण तिथे गुंतवणूकदाराचा पैसा चालतो, पण मतांचे बहुमत सभासदांकडेच राहते. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबर्ग या क्लबांना मात्र त्यातून सवलत मिळालेली आहे.