रीइश्यूच्या नावाखाली आमचा अल्बम गेला

मुंबईतल्या जुन्या मेटल बँडवाल्यांनो, "तुमचा अल्बम व्हायनलवर (तबकडीवर) परत काढूया" असा फोन कुणाला आला असेल, तर सही करायच्या आधी हे वाचा. माणसाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पद्धत मात्र पूर्ण सांगतो, कारण हाच माणूस आणखी दोन बँडपर्यंत पोचल्याचं कानावर आलंय.

आमचा अल्बम 2004 चा. धोबीतलावच्या रंगभवनात आय-रॉक हा रॉक महोत्सव ऐकत मोठी झालेली आम्ही पाच पोरं. अंधेरीच्या एका स्टुडिओत रात्रीचा दर कमी पडायचा, म्हणून रात्रीच रेकॉर्डिंग करायचो आणि पहाटेची पहिली लोकल धरून डोंबिवलीला परत यायचो. मी ड्रमर. दोन्ही पायांनी वाजवायचे डबल पेडलचे भाग क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठोक्यावर) बसेपर्यंत पायात गोळे यायचे. दोन्ही गिटारिस्टनी प्रत्येक रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) दोनदा वाजवला, एक टेक डावीकडे, एक उजवीकडे. जाड भिंतीसारखा आवाज त्यातूनच येतो, नुसता डिस्टॉर्शन वाढवून येत नाही. गायकाचे ग्राउल, म्हणजे घशातून गुरगुरत गायचे भाग, सगळ्यात शेवटी घेतले, कारण त्यानंतर त्याला दोन दिवस बोलता येत नसे. सगळा खर्च आमच्या पहिल्या नोकऱ्यांच्या पगारातून. 500 सीडी काढल्या, गिगमध्ये विकल्या. लेबल वगैरे कुणी नव्हतं. हक्क पूर्ण आमचे.

हा माणूस वयाने लहान, बोलायला गोड. "दादा, तिसऱ्या गाण्यातला तुमचा ब्लास्टबीट मी कॉलेजात असताना शिकलो," इथून सुरुवात. ब्लास्टबीट म्हणजे मेटलमधलं अतिवेगवान ड्रमिंग. त्याला मेटलची माहिती खरोखर होती, आणि विश्वास बसला तो त्यामुळेच. म्हणाला, मेटल गायक ओझी ऑस्बॉर्नच्या पहिल्या दोन अल्बमचं 2002 च्या रीइश्यूत काय केलं आठवतं ना, मूळ बास आणि ड्रम काढून दुसऱ्यांकडून वाजवून घेतले. 2011 मध्ये मूळ वादन परत आणावं लागलं. मी तुमच्या एका सुरालाही हात लावणार नाही. मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'सारखा दाबून मोठा केलेला आवाजही मला नको. ही सगळी उदाहरणं खरी आहेत. ड्रमरला ती सांगितली की त्याच्या मनात काय होतं, हे या माणसाला नेमकं ठाऊक होतं.

त्याने तीन गोष्टी मागितल्या. मूळ सेशनची हार्ड डिस्क, छपाईच्या खर्चातला आमचा वाटा आणि तबकड्या छापणाऱ्या प्रेसिंग प्लांटला दाखवायला एक एनओसी. आम्हा चौघांना मसुदा पाठवला तो अर्ध्या पानाचा, फक्त व्हायनलपुरता. गायक पुण्याला राहतो. त्याच्याकडे हा स्वतः गेला आणि "बँडचा प्रतिनिधी" म्हणून सही घेतली ती वेगळ्याच, दोन पानी कागदावर. त्यात ओळ होती: सर्व हक्क, जगभर, कायमस्वरूपी, सध्याच्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत.

या ओळीतला एकही शब्द सहज पडलेला नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. 2012 च्या दुरुस्तीनंतर तर त्या वेळी वापरात नसलेलं माध्यम स्पष्ट नमूद केल्याशिवाय करारात येतच नाही. म्हणजे कायदा कलाकाराला जिथे जिथे सांभाळतो, तिथे तिथे या माणसाने बरोबर खिळा ठोकला. ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षं चालतो. आमच्या अल्बमचा 2064 संपेपर्यंत. तेवढं सगळं तो एका सहीत घेऊन गेला.

रेकॉर्ड आलीच नाही. आमचा अल्बम 54 मिनिटांचा. एलपीच्या एका बाजूला साधारण 20-22 मिनिटं नीट बसतात, त्याच्या वर गेलं की आवाज बारीक होतो. म्हणजे दोन तबकड्या हव्यात. हा एकाच तबकडीचा हिशोब सांगत राहिला. कुठल्या बाजूला कुठली गाणी, हे त्याने कधी विचारलं नाही. छपाईआधी बँडकडे ऐकायला येणाऱ्या टेस्ट प्रेसिंगचं नाव काढलं की विषय बदलायचा. व्हायनल खरोखर काढणारा माणूस हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत काढतो.

त्याऐवजी अल्बम स्ट्रीमिंगवर आला, त्याच्या लेबलच्या नावाने, "मूळ मास्टरवरून रिमास्टर" असं लिहून. आयएसआरसी कोड, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, तेही त्याचे. आमच्या गिटारिस्टने वर्षांपूर्वी टाकलेल्या आमच्याच व्हिडिओंवर त्याचा कॉपीराइटचा दावा लागला आणि जाहिरातीचे पैसे तिकडे वळले. ऐकल्यावर मला पहिल्यांदा सिंबल खटकले, पाण्यात बुडवल्यासारखे. फाइल स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखात) उघडली, तर 16 किलोहर्ट्झच्या वर सगळं सपाट कापलेलं. 128 केबीपीएस एमपीथ्रीची ही ओळखीची खूण. जुन्या काळी पोरांनी आपसात वाटलेल्या एमपीथ्रीच त्याने मोठ्या आवाजात चढवल्या होत्या. आमची डिस्क त्याने बहुधा उघडलीही नाही. ती परतही दिली नाही. पैशापेक्षा मला याचा जास्त राग आहे, कारण त्या डिस्कवर आमच्या बेसिस्टचे टेक आहेत आणि तो आता या जगात नाही.

सध्या वकिलाची नोटीस गेली आहे, ऑनलाइन पैसे दिले होते म्हणून सायबर तक्रारही 1930 या हेल्पलाइनवर नोंदवली आहे. दोन कागदांतला फरक आणि मसुद्याचे ईमेल हा आमचा मुख्य पुरावा. दोन प्लॅटफॉर्मनी अल्बम उतरवला, बाकीचे कागद मागतायत. तुमच्याकडे असा कुणी आला तर मूळ डिस्क हातची सोडू नका, कॉपी द्या. सही सगळ्यांची एकाच वेळी, एकाच कागदावर होऊ द्या. आयएसआरसी स्वतःच्या नावाने आधी काढून ठेवा. आणि याच माणसाने तुमच्याकडूनही असा दोन पानी कागद लिहून घेतला असेल, तर त्याची प्रत सांभाळून ठेवा आणि आमच्याशी बोला. तक्रारी एकत्र गेल्या तर पोलिसांना पद्धत दिसेल.