नमुना एका शाईचा, बाटली दुसऱ्या शाईची

निवृत्तीनंतर दोन वर्षे बसून मी आमच्या घरातले जुने आल्बम स्कॅन केले. त्यातली बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांतली 64 निवडून, घरीच छापून, नात्यातल्या घरांना वाटायची असे आम्ही भावंडांनी ठरवले. माझ्याकडे एप्सनचा एल 805 हा सहा रंगांचा प्रिंटर आहे. काळा, सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा यांच्याबरोबर फिका सायन आणि फिका मॅजेंटा असे आणखी दोन रंग त्याला लागतात, आणि या दोन फिक्या रंगांमुळेच चेहऱ्यावरच्या छटा मऊ उतरतात. टाक्या भरण्यासाठी 673 क्रमांकाच्या 70 मिलिलिटरच्या बाटल्या मिळतात. एवढी छपाई करायची म्हणजे सगळा संच नव्याने भरावा लागणार होता, आणि स्वस्तात चांगली शाई मिळते का हे पाहण्यासाठी मी डोंबिवलीहून मुंबईत लॅमिंग्टन रस्त्यावर गेलो. तिथे माझी जी फसवणूक झाली, तिच्यात पैसे फारसे गेले नाहीत, पण वीसएक घरांत लावलेली आजी-आजोबांची छायाचित्रे वर्षाच्या आत बिघडली. ज्यांच्या घरी असेच जतनाचे काम चालू असेल त्यांनी माझ्याकडून झालेल्या चुका करू नयेत, म्हणून सगळे तपशिलाने लिहीत आहे.

दुकानदाराने माझ्यापुढे तीन प्रकारच्या बाटल्या ठेवल्या. पहिली कंपनीची, दुसरी साधी ‘कम्पॅटिबल’, म्हणजे त्याच प्रिंटरसाठी दुसऱ्या कुणी बनवलेली, आणि तिसरी, त्याच्या शब्दांत, ‘यूव्ही डाय’. तिसरीची किंमत कंपनीच्या शाईच्या निम्म्याहून थोडी कमी आणि साध्या शाईच्या जवळजवळ तिप्पट होती. ‘‘सर, साधी घेऊ नका, तिचे फोटो उडतात. ही यूव्ही आहे, शंभर वर्षे रंग जात नाही,’’ असे म्हणून त्याने काउंटरवरच्या प्रिंटरवर काढलेली दोन छायाचित्रे माझ्या हातात दिली. एक लहान मुलाचा चेहरा होता आणि दुसरे कृष्णधवल होते. राखाडी छटांत कुठलाही रंग डोकावत नव्हता. कृष्णधवल छपाई ही अशा प्रिंटरची खरी कसोटी असते, कारण फोटो छापताना राखाडी छटा नुसत्या काळ्या शाईने न होता सगळे रंग तोलून मिसळल्यामुळे तयार होते, आणि एक रंग जरी कमी-जास्त झाला तरी चित्र हिरवट किंवा लालसर दिसू लागते. मला हे माहीत होते, म्हणूनच त्या नमुन्यावर माझा पूर्ण विश्वास बसला. तो नमुना त्याच बाटलीतल्या शाईने काढला आहे का, हा प्रश्न मात्र मी विचारला नाही.

बाटलीवरचे लेबल मी घरी येऊन वाचले. त्यावर इंद्रधनुष्याचे चित्र, ‘प्रीमियम’ हा शब्द आणि प्रिंटरच्या मॉडेलांची यादी होती. उत्पादकाचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत, बॅच क्रमांक, यांतले काहीही नव्हते. 2011 च्या वेष्टित वस्तूंच्या वैधमापन नियमांनुसार नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, महिना-वर्ष आणि कमाल किंमत वेष्टनावर असणे बंधनकारक आहे, आणि वस्तू आयात केलेली असेल तर आयातदाराचे नाव व मूळ देशही द्यावा लागतो. बिलाचेही तेच. मला मिळालेल्या चिठ्ठीवर वर ‘एस्टिमेट’ असे छापलेले होते आणि खाली ‘इंक 6 नग’ एवढेच लिहिलेले होते. दुकानाचे नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही. पैसे मी यूपीआयने दिले होते, पण ते दुकानाच्या नावाने न जाता एका व्यक्तीच्या खात्यात गेले होते. पक्के बिल मागितले असते तर किंमत वाढेल असे तो म्हणाला होता, आणि मी ते मुकाट्याने मान्य केले.

छपाई सुंदर झाली, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. किंचित निळसर झाक होती, ती मी रंगांच्या सेटिंगमध्ये दुरुस्त केली. यावरून मी पुढे एक गोष्ट शिकलो. रंगांचा प्रोफाइल, म्हणजे कोणता रंग किती टाकायचा हे प्रिंटरला सांगणारी फाइल, एका विशिष्ट शाईच्या आणि विशिष्ट कागदाच्या जोडीसाठी बनवलेला असतो; शाई बदलली की रंग हलतात, पण नवा प्रोफाइल करून किंवा हाताने जुळवून ते पुन्हा बसवता येतात. म्हणजे हलक्यातली हलकी शाईसुद्धा पहिल्या दिवशी उत्तम दिसू शकते. शाईची तुलना करताना बहुतेक जण ताज्या प्रिंट शेजारी-शेजारी ठेवून पाहतात आणि निकाल देतात. मीही तेच केले होते. परंतु त्या तुलनेत शाईचा टिकाऊपणा दिसतच नाही.

चौथ्या-पाचव्या महिन्यात आत्येबहिणीचा फोन आला. ‘‘दादा, आजोबांचा फोटो हिरवा कसा दिसतोय?’’ जाऊन पाहिले तर खिडकीसमोर काचेच्या फ्रेममध्ये लावलेल्या त्या छायाचित्रात आजोबांचे पांढरे धोतर आणि मागची भिंत शेवाळल्यासारखी झाली होती. दुसऱ्या एका घरी, स्वयंपाकघरात फ्रिजला काचेशिवाय लावलेली प्रत सगळ्याच रंगांत विटली होती. आणि आल्बमच्या पाकिटात बंद राहिलेली तीच प्रत जवळजवळ जशीच्या तशी होती. तिन्ही प्रती एकाच दिवशी, एकाच कागदावर, एकाच शाईने काढलेल्या होत्या.

या फरकाचे कारण असे आहे. डाय प्रकारच्या शाईत रंगद्रव्य पाण्यात पूर्ण विरघळलेले असते, त्याचे सुटे रेणू कागदावरच्या लेपात जाऊन बसतात, आणि प्रकाश व हवेतला ओझोन यांचा त्यांच्यावर सहज परिणाम होतो. पिगमेंट शाईत रंगाचे न विरघळलेले सूक्ष्म कण असतात; वरचा थर झिजला तरी आतला शिल्लक राहतो, म्हणून ती सामान्यतः जास्त टिकते. त्यातही फिक्या रंगांत रंगद्रव्यच कमी असल्यामुळे त्यांचा ऱ्हास डोळ्यांना आधी दिसतो. माझ्या छायाचित्रांत प्रकाशामुळे फिका मॅजेंटा गेला, आणि मॅजेंटा गेला की राखाडी हिरवी होते. काचेमुळे हवा अडते, प्रकाश अडत नाही. फ्रिजवरच्या प्रतीला दोन्ही लागले. ओझोनचा हा उपद्रव मोठ्या कंपन्यांनाही भोवलेला आहे. 2000 साली एप्सनच्या स्टायलस फोटो 870 आणि 1270 या प्रिंटरवर काढलेली काही छायाचित्रे हवेतल्या ओझोनमुळे सायन उडून नारिंगी झाली होती, आणि त्यावर तेव्हा बराच गदारोळ झाला होता.

मी आल्बमातली आणि भिंतीवरची अशा दोन्ही प्रती घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने आधी कागदाला दोष दिला, मग आमच्या घरातल्या उन्हाला दिला. मी उभा असतानाच त्याचा मदतनीस नमुन्याच्या प्रिंटरची टाकी भरू लागला, आणि त्याच्या हातात कंपनीची बाटली होती. मी ती बाटली दाखवून विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘सर, ते आमचे डेमो मशिन आहे, त्यात आम्ही दुसरे काही टाकत नाही.’’ माझ्या हातात ठेवलेले ते दोन नमुने कोणत्या शाईचे होते, हे त्या क्षणी कळले. पैसे परत करण्यास त्याने नकार दिला आणि ही शाई आपल्या दुकानातलीच आहे याचा पुरावा मागितला.

त्यानंतर मी जे करायला हवे होते ते उशिरा केले. चार शायांची घरी तुलना केली: कंपनीची, लेबलवर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि बॅच क्रमांक स्पष्ट छापणारी एक कम्पॅटिबल, ती ‘यूव्ही’, आणि त्याच दुकानातून मुलाकरवी मागवलेली साधी स्वस्त शाई. प्रिंटरमध्ये चारही भरणे शक्यच नव्हते, आणि त्याची गरजही नाही. फिल्टर कागदाच्या पट्टीवर खालच्या टोकापासून दोन बोटे वर काळ्या शाईचा ठिपका दिला आणि पट्टीचे टोक पाण्याला टेकवले. पाणी वर चढते तसे काळ्या डायमधले घटक रंग वेगवेगळ्या उंचीवर जाऊन थांबतात; पिगमेंट असेल तर ठिपका बहुतांशी जागच्या जागी राहतो. कंपनीच्या शाईचे पट्टे एका क्रमाने आले, नाव-पत्त्याच्या कम्पॅटिबलचे वेगळ्या क्रमाने. ‘यूव्ही’ आणि साधी स्वस्त शाई यांचे पट्टे मात्र रंगाने, क्रमाने आणि उंचीने सारखे होते. तीन वेळा करून पाहिले, तीनही वेळा तेच आले. हा प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे, हे मी जाणतो; पण तिप्पट किमतीची बाटली त्याच पिंपातून भरली गेली असावी, अशी माझी खात्री झाली.

दुसरी चाचणी खिडकीची. चारही फिक्या मॅजेंटांचे सारख्या जाडीचे पट्टे एकाच फोटोपेपरवर ओढले, ते नीट वाळू दिले, अर्ध्या भागावर अॅल्युमिनियमची फॉइल घट्ट गुंडाळली आणि कागद पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवला. एप्रिल आणि मे मिळून सहा आठवड्यांनी फॉइल काढली. कंपनीच्या पट्ट्यात झाकलेल्या आणि उघड्या भागातला फरक शोधावा लागत होता. नाव-पत्त्याची कम्पॅटिबल थोडी उतरली होती. उरलेल्या दोन्हींच्या उघड्या भागात गुलाबी रंगाचा नुसता मागमूस राहिला होता. मी वैतागलो ते एवढ्यासाठी, की या चाचणीला खर्च काहीच नाही, आणि 64 छायाचित्रे छापण्याआधी माझ्याकडे तीन महिने होते.

‘यूव्ही’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण हाच शब्द अनेक दुकानांत ऐकू येतो. खरी यूव्ही शाई अतिनील दिव्याखाली घट्ट होते, ती मोठ्या व्यावसायिक यंत्रांत वापरतात, आणि घरगुती प्रिंटरमध्ये ती चालतच नाही. घरगुती बाटलीवर छापलेल्या ‘यूव्ही’चा अर्थ फार तर ‘उन्हात टिकेल असा आमचा दावा आहे’ एवढाच होतो. ‘शंभर वर्षे’ या दाव्याचेही तसेच. छायाचित्रांच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांसाठी अमेरिकेतील हेन्री विल्हेल्म यांची संस्था प्रसिद्ध आहे. तिचे आकडे शाई, कागद आणि मांडणी, म्हणजे काचेमागे, उघडे किंवा अंधारात, अशा ठरावीक संयोगासाठी दिलेले असतात. कागदाचे नाव न घेता नुसत्या शाईची वर्षे सांगणाऱ्याने कुठलीही चाचणी केलेली नाही, असे मी आता धरून चालतो.

प्रिंटरचेही नुकसान झाले. नोझल, म्हणजे शाई फवारणारी बारीक छिद्रे, तपासताना फिक्या मॅजेंटाच्या रेषा तुटू लागल्या, आणि वारंवार हेड क्लीनिंग, म्हणजे ती छिद्रे शाईने साफ करणे, केल्यामुळे बरीच शाई वाया जाऊन वेस्ट पॅड या शोषक गादीत गेली. काही प्रिंटरमध्ये छपाईचे हेड काडतुसालाच जोडलेले असते, तिथे काडतूस बदलले की हेडही नवे मिळते. माझ्या प्रिंटरमध्ये ते यंत्रातच पक्के बसवलेले आहे. टाक्या रिकाम्या करून, नळ्या धुऊन, कंपनीची शाई भरल्यावर रेषा परत आल्या, ही दैवाची कृपाच.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन तडजोडीचा प्रयत्न करते, निवाडा देत नाही, आणि दुकानाकडून उत्तर आले नाही. पुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाख रुपयांपर्यंत दिलेल्या मोबदल्यासाठी शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. माझी अडचण पक्क्या बिलाची आहे. यूपीआयची नोंद, एस्टिमेटची चिठ्ठी, अर्धवट भरलेल्या सहा बाटल्या आणि खिडकीवरचा कागद, एवढेच माझ्याजवळ आहे. तेवढ्यावर अर्ज तयार केला आहे.

सगळ्याच कम्पॅटिबल शाया वाईट, असे माझे म्हणणे नाही. मुलांचे प्रकल्प, सोसायटीच्या सूचना, वर्षभरात टाकून द्यायचे कॅलेंडर यांसाठी मी ती नाव-पत्त्याची शाई एका मित्राच्या प्रिंटरला आजही सुचवतो. जपायच्या छायाचित्रांसाठी मात्र मी कंपनीचीच शाई, सीलबंद बाटली आणि जीएसटीचे बिल, याखेरीज काही घेत नाही, आणि प्रत्येक प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने शाई, कागद व तारीख लिहितो. स्कॅन सुरक्षित असल्यामुळे 64 पैकी 41 छायाचित्रे पुन्हा छापून पोहोचवली आहेत. आत्याची प्रत गेल्या रविवारी बदलून दिली आणि हिरवी पडलेली जुनी प्रत अर्जाच्या कागदांत लावून ठेवली.