एफ की बिनएफ: एडिटिंगचा स्वस्त पीसी, दुकानात ठेवून घरून चालवायचा

जळगावच्या गोलाणी मार्केटात एडिटिंगच्या पीसीचं कोटेशन मागितलं की पहिल्या ओळीत बहुधा इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ प्रोसेसर येतो आणि खाली कुठेतरी ग्राफिक्स कार्ड. "कार्ड टाकून घ्या ना भो, कार्डाशिवाय एडिटिंग होतं का?" सल्ला खोटा नाही. गेमिंगच्या पीसीला तर शंभर टक्के बरोबर आहे. पण ज्याला लग्नाचं फुटेज कापायचं आहे आणि पीसी दुकानात ठेवून पाचोऱ्याहून किंवा अमळनेरहून चालवायचा आहे, त्याने त्या एका 'एफ' अक्षरापाशी थोडं थांबावं. एफ म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेलं, अंगचं ग्राफिक्स बंद.

तर दोन पीसी समोरासमोर ठेवू. पहिला: १२४००एफ, सोबत वापरलेलं जीटीएक्स १६६० सुपर, १६ जीबी रॅम. दुसरा: साधा १२४००, कार्ड नाहीच, आणि कार्डाचे वाचलेले पैसे ३२ जीबी रॅम आणि दुसऱ्या एनव्हीएमई एसएसडीमध्ये. बोर्ड, कॅबिनेट, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) दोन्हीकडे सारखंच. मी दुसरा घेतला. पहिल्याची बाजूही कमजोर नाही, ती पुढे येईलच.

मला नडला तो ४:२:२, म्हणजे व्हिडिओत रंगाची माहिती किती ठेवली याचं माप: ४:२:० मध्ये कमी, ४:२:२ मध्ये जास्त, ४:४:४ मध्ये पूर्ण. सोनीचा ए-सेव्हन फोर, एफएक्स-थ्री किंवा कॅननचा आर-सिक्स मार्क टू घेतला की माणूस १०-बिट ४:२:२ एचईव्हीसीमध्ये (एच.२६५) शूट करतोच, कारण हळदीच्या पिवळ्यात चेहरा सांभाळायला तो रंग लागतो. हे फुटेज हार्डवेअरवर उलगडायची (डिकोड करायची) सोय एनव्हिडियाच्या कार्डात थेट आरटीएक्स ५० मालिकेत आली. त्याआधीच्या कार्डांवर ४:२:० चालतं, १६६० सुपरवर एचईव्हीसीचं ४:४:४ सुद्धा चालतं, मधलंच ४:२:२ तेवढं नाही! इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये मात्र अकराव्या पिढीपासून डेस्कटॉपवर ते आहे. आणि 'एफ'मध्ये नेमकं तेच बंद करून दिलेलं असतं. थोडे पैसे वाचतात आणि आपल्या कामाचा भाग जातो.

याची खूण सोपी आहे. प्रीमियरच्या एकाच टाइमलाइनवर ड्रोनची क्लिप लोण्यासारखी सरकते, कारण ड्रोनचं १०-बिट बहुधा ४:२:० असतं. पुढची कॅमेऱ्याची क्लिप आली की प्लेहेड अडकतं, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि कार्ड निवांत. मग लोक कार्ड बदलायला निघतात. तेरा-पंधरा हजारांचं दुसरं जुनं कार्ड आणूनही तेच होतं.

प्रॉक्सी (मूळ फाइलच्या हलक्या नकला) बनवता येतात, मान्य. पण प्रॉक्सी बनवतानाही मूळ फाइल प्रोसेसरलाच उलगडावी लागते. तीन कॅमेरे, हळद आणि लग्न मिळून दोन दिवसांचं फुटेज, म्हणजे पीसी रात्रभर त्यातच गुंतला. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास पाठोपाठ तिथी असतात आणि नवरदेवाला रील दुसऱ्या दिवशी सकाळी हवी असते. तिथे ती रात्र परवडत नाही.

एक सावधगिरी मात्र बिनएफवाल्यांनीही बाळगावी. बाराव्या पिढीचं क्विक सिंक (इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समधली व्हिडिओची सोय) एच.२६४ चं १०-बिट उलगडत नाही. सोनीमध्ये एक्सएव्हीसी एस ४के, ४:२:२ १०-बिट ठेवलं तर ते एच.२६४ असतं आणि दोन्ही पीसी सारखेच रडतात. एक्सएव्हीसी एचएस लावा. त्यात PAL मोडवर ४के मध्ये २५पी (सेकंदाला २५ फ्रेम) मिळत नाही, ५०पी घ्यावं लागतं; मेमरी कार्डात जागा जास्त लागते, पण टाइमलाइन चालते. २५पीच हवं असेल तर ४:२:० वर या, नाहीतर प्रॉक्सी आहेच.

एडियस हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडे अजून बरीच दुकानं एडियसवर आहेत आणि त्याचं एक्स्पोर्ट वर्षानुवर्षं क्विक सिंकच्या जिवावर चालत आलंय. 'एफ' घेऊन एडियस टाकायचं म्हणजे बैल विकून नांगर घ्यायचा.

आता कार्डाची बाजू. दा विंची रिझॉल्व्ह हे तुमचं मुख्य सॉफ्टवेअर असेल, नॉइज रिडक्शन आणि चार-सहा नोड (रंग बसवायचे टप्पे) रोजचे असतील, तर अंगच्या ग्राफिक्सवर दम लागतो, ६ जीबीचं कार्ड लागतंच. लाइटरूमचं एआय डीनॉइजही तसंच: कार्डावर काही सेकंदांत होणारा फोटो १२४०० च्या अंगच्या यूएचडी ७३० वर मिनिटं खातो. रात्रीच्या वरातीचे दोनशे फोटो तसे साफ करायचे असतील तर कार्डाशिवाय गत नाही. आणि कॅमेरा ८-बिट ४:२:० वालाच असेल, जसा सोनीचा ए-सेव्हन थ्री, तर वरचा सगळा ४:२:२ चा त्रास तुमच्यापुरता नाहीच. अशांनी एफ आणि कार्ड खुशाल घ्यावं. नुसत्या अल्बमच्या कामाला तर दोन्ही पीसी पुरून उरतात. १२×३६ ची शीट ३०० डीपीआयला ३६०० बाय १०८०० पिक्सेल होते. पंचवीस-तीस लेअरची फोटोशॉपची पीएसडी फाइल झाली की कार्ड नाही, रॅम मागते. तेवढंच काम असेल तर आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड ब्रँडेड पीसीही चालतो. त्यात ४:२:२ नाही आणि एसएमपीएस कंपनीच्या मापाचा, एवढं लक्षात ठेवून घ्यावा. एएमडीच्या रायझन ५६०० ला अंगचं ग्राफिक्स नाही आणि ५६००जीच्या ग्राफिक्सला ४:२:२ येत नाही, म्हणून तो या तुलनेत घेतला नाही.

दुरून चालवायच्या बाबतीत तराजू बिनएफकडे आणखी थोडा झुकतो. दुरून पीसी चालवायचं सॉफ्टवेअर पॅरसेक असो की सनशाइन-मूनलाइट, दोन्ही दुकानातल्या स्क्रीनचा व्हिडिओ बनवून तुमच्याकडे पाठवतात. पहिल्या पीसीत एन्कोडिंग (तो व्हिडिओ बनवणं) कार्ड करतं, पण स्क्रीन पकडून नेटवर ढकलायला प्रोसेसरची थोडी मोकळीक लागते. एफवर ४:२:२ चालू झालं की सहाच्या सहा कोर त्यातच अडकतात. दुकानात बसलेल्याची टाइमलाइन अडकते. घरी बसलेल्याचा माउसच अडकतो, आणि त्याला कळत नाही की नेट गेलं, पीसी गेला की लाइट गेली. बिनएफवर हा गोंधळ फार कमी होतो. अगदीच होत नाही असं नाही. यूएचडी ७३० मध्ये मीडिया इंजिन एकच आहे. तेच फुटेज उलगडणार, तेच तुमची स्क्रीन पाठवणार. दोन कॅमेऱ्यांच्या मल्टिकॅमला ते धापा टाकतं. १२५०० मध्ये यूएचडी ७७० आहे, त्यात इंजिनं दोन. मिळाला आणि फरक फार नसेल तर तोच घ्या, जळगावात नसेल तर मागवून.

बिनएफचा आणखी एक फायदा कार्ड नंतर घेतल्यावर दिसतो. बायोसमध्ये 'आयजीपीयू मल्टि-मॉनिटर' चालू करायचं, नाहीतर कार्ड बसलं की बोर्ड अंगचं ग्राफिक्स आपोआप बंद करतो. प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये डिकोडिंगला इंटेलवर खूण ठेवायची, मॉनिटरची केबल कार्डाला. मग फुटेज इंटेल उलगडतं, स्क्रीन कार्ड पाठवतं, कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. एफ घेऊन बसलेल्यांना मागे फिरायची वाट थोडी महाग आहे: आरटीएक्स ५०, नाहीतर इंटेलचं आर्क ए३८०. आर्क घेतलं तर बायोसमध्ये रिसायझेबल बार चालू हवा.

दोन्हीकडे सारख्याच लागणाऱ्या गोष्टी भराभर. मॉनिटर बंद केला की काही पीसींवर रिमोट काळा पडतो किंवा रिझोल्यूशन घसरतं; दोन-तीनशे रुपयांचा एचडीएमआय डमी प्लग लावून ठेवा. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप होम आवृत्तीवर येत नाही, प्रो लागतं, आणि त्यासाठी राउटरचा पोर्ट उघडायचा नाही म्हणजे नाही. रॅन्समवेअर त्याच दारातून येतो. पुष्कळ कनेक्शनांवर स्वतंत्र पब्लिक आयपी नसतोच, त्यामुळे टेलस्केल हे व्हीपीएन टाकलेलं बरं. दुकानाकडचा अपलोड स्पीड महत्त्वाचा; १०८०पीला सलग १५ एमबीपीएस मिळाला तर काम होतं. रंग मात्र घरून बसवू नका. येणारं चित्र साधारणपणे ८-बिट ४:२:० असतं, लाल शालूच्या कडा फुटतात आणि त्यावर भरवसा ठेवून केलेली स्किन (चेहऱ्याचा रंग) प्रिंटला वेगळी येते. कटिंग, सिंक, शीटची मांडणी घरून, कलर दुकानात.

रॅम १६ ची एक घेऊ नका, घ्यायच्या तर ८ च्या दोन किंवा १६ च्या दोन. अंगचं ग्राफिक्स रॅमच वापरतं, एकाच पट्टीवर रॅमचा वेग निम्मा होतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, म्हणून दुकानदार एक पट्टी सुचवतो. एच६१० बोर्डवर बहुधा एम.२ चा एकच स्लॉट असतो. दुसरी एनव्हीएमई लावायची तर बी७६० बघा.

राहिली लाइट, आणि खान्देशात ती शेवटी का होईना येतेच. मे महिन्यात पारा ४४-४५, शटर बंद, आत पीसी चालू. जुन्या कार्डाचा पंखा आधी जातो, आणि एफ असेल तर कार्ड गेलं की डिस्प्लेही गेला. बिनकार्डाचा पीसी वीजही कमी खातो, त्यामुळे ६०० व्हीएच्या यूपीएसवर तो आरामात जास्त वेळ तग धरतो.

लाइट आल्यावर पीसी आपणहून सुरू व्हावा म्हणून बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस'ला 'पॉवर ऑन' करतात आणि ईआरपी ही वीजबचतीची सोय बंद. इथे एक खाच आहे. यूपीएसच्या सॉफ्टवेअरने पीसी नीट बंद केला आणि यूपीएस पूर्ण उतरण्याआधीच लाइट आली, तर बोर्डच्या लेखी वीज गेलीच नाही. तो झोपूनच राहतो. त्यावर उपाय यूपीएस आणि पीसीच्या मधला स्मार्ट प्लग: मोबाइलवरून बंद करायचा, दहा सेकंद थांबून चालू. दुसरा उपाय वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून पीसी जागा करणं), पण टेलस्केलमधून तो थेट जात नाही, दुकानाच्या वायफायवर एखादा जुना अँड्रॉइड कायम चालू ठेवावा लागतो आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करावं लागतं. राउटरही यूपीएसवरच घ्या, नाहीतर पीसी चालू आणि दार बंद.

सगळं बसवून झालं की मॉनिटरची केबल काढा, मेन स्विच पाडा, यूपीएस उतरू द्या, स्विच वर करा आणि दुकानाबाहेर येऊन मोबाइलच्या नेटवरून लॉगिनची स्क्रीन दिसते का बघा. मग दुसऱ्यांदा यूपीएस उतरायच्या आत स्विच वर करून बघा. या दुसऱ्या खेपेलाच बहुतेकांचा पीसी झोपलेला सापडतो.