गावाला शहर बस हवी: मनपाकडे जायचं, एसटीकडे की एनएमआरडीएकडे?

बसचा ठराव बहुतेक गावांत दोन ओळींचा असतो. ‘गावात बससेवा सुरू करावी, अशी विनंती करण्यात येत आहे.’ सूचक, अनुमोदक, सही, शिक्का. मी ग्रामपंचायत सदस्य होतो तेव्हा आम्हीही असाच ठराव केला. बस आली, वर्षभर चालली आणि एका सोमवारी आलीच नाही. फाट्यावर सव्वासहापासून कॉलेजच्या पोरी उभ्या. एका मुलीच्या वडिलांनी मला घरी येऊन विचारलं, “भाऊ, पोरगी पाचला उठून तयार होऊन राहते, अन् बसचा पत्ता नाही. कोणाला विचारू?” आम्ही चौकशीला गेलो, तर समोरून एकच प्रश्न आला: या फेरीची तूट कोण भरणार, हे कुठे लिहिलं आहे? कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून येत्या ग्रामसभेत बसचा विषय घेणाऱ्या सरपंच-सदस्यांसाठी हा आढावा. नागपूरच्या हद्दीबाहेरच्या गावाला तीन दारं आहेत: नागपूर महानगरपालिका म्हणजे मनपा, राज्याची एसटी आणि महानगर प्रदेशाचं विकास प्राधिकरण म्हणजे एनएमआरडीए. कोणाची गाडी चांगली, यावरून ती तोलू नका. तूट कोण भरणार, किती वर्षं भरणार आणि गावाच्या हातात काय राहणार, यावरून तोला.

मनपाची ‘आपली बस’

लोकांची पहिली मागणी हीच असते आणि ती रास्त आहे. ही बस थेट शहराच्या मध्यात, बर्डीला (सीताबर्डी), मोर भवनच्या बसस्थानकावर नेऊन सोडते, तिथून मेट्रो जवळ. दिवसभरात फेऱ्याही जास्त मिळतात. हिंगणा, बुटीबोरी, कामठी-कन्हान या बाजूंना ती शहराची हद्द ओलांडून जातेच, त्यामुळे ‘हद्दीबाहेर जमत नाही’ हे उत्तर कोणी दिलं तर तिथेच थांबू नका.

अडचण पैशाची आहे. बस चालवणाऱ्या ठेकेदाराला मनपा किलोमीटरप्रमाणे पैसे देते, तिकिटाचे पैसे मनपाकडे येतात. दोन्हींमधला फरक म्हणजे तूट आणि ती नागपूरकरांच्या करातून भरली जाते. शहरातला नगरसेवक विचारतो, माझ्या प्रभागात बस कमी असताना बाहेरच्या गावाची तूट आम्ही का भरायची? गावातून हे ऐकायला कडू वाटतं, पण त्याचा प्रश्न चुकीचा नाही.

हिशेब कागदावर मांडूनच पाहा. आकडे समजायला घेतलेले आहेत, तुमचे खरे आकडे परिवहन विभागाकडून घ्या. समजा गाव ते बर्डी १२ किलोमीटर आणि दिवसाला जाऊन-येऊन ६ फेऱ्या. म्हणजे १४४ किलोमीटर. किलोमीटरला ७० रुपये धरले तर दिवसाचा खर्च १०,०८० रुपये. दिवसाला ३०० प्रवासी आणि सरासरी तिकीट १८ रुपये, तर उत्पन्न ५,४०० रुपये. रोजची तूट ४,६८० रुपये, वर्षाची सुमारे १७ लाख. त्यातही डेपोपासून पहिल्या थांब्यापर्यंतचे रिकामे किलोमीटर धरायचे की नाही, हे आधीच विचारून घ्या. आमच्या वेळी हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच आला नव्हता.

१७ लाख एका ग्रामपंचायतीला झेपत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेल्या अबंधित निधीवर रस्ते, नाल्या, दिवाबत्ती अशा सगळ्यांचाच डोळा असतो. एकाच रस्त्यावरच्या चार गावांनी मिळून वर्गणी ठरवली, तर वाट्याला सव्वाचार लाख येतात. घरपट्टी नीट वसूल करणाऱ्या गावाला हे अशक्य नाही.

मात्र वर्गणी कशावर ठरवायची, इथे भांडणं होतात. किलोमीटरवर ठरवली तर शेवटच्या टोकाचं, सगळ्यात लहान गाव सगळ्यात जास्त भरतं. लोकसंख्येवर ठरवली तर नव्या लेआऊटमुळे, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वसाहतींमुळे, फुगलेलं गाव म्हणतं, आमच्या अर्ध्या लोकांकडे दुचाकी आहे. माझ्या मते चढणाऱ्या प्रवाशांवर वाटा ठरवावा. तिकीट यंत्रात थांब्यानुसार नोंद असते, ती दर तीन महिन्यांनी मागायची. वादाला जागा कमी उरते.

वीज बसचंही सांगतो, कारण सभेत कोणी ना कोणी विचारतोच. केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली आणि ती ३ लाखांहून मोठ्या शहरांसाठी आहे. गावाला तिथे थेट अर्ज करता येत नाही. तो लाभ आला तर मनपाच्या मार्गानेच येईल.

एसटी

एसटीची सवलत ही मोठी गोष्ट आहे आणि शहराजवळच्या गावांत ती फार कमी लेखली जाते. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं, गावातल्या मुलींना बारावीपर्यंत मोफत पास. या सवलतींची भरपाई राज्य सरकार एसटीला देतं. म्हणजे तुटीचा मोठा वाटा गावाने न मागता आधीच कोणीतरी उचललेला असतो.

दुसरी गोष्ट मुक्कामी गाडीची. रात्री शेवटची फेरी गावात येते, गाडी तिथेच राहते आणि सकाळी पहिली फेरी गावातूनच निघते. चालक-वाहकाला झोपायला खोली, पंखा, पाणी आणि स्वच्छ शौचालय एवढंच गावाने द्यायचं. आमच्या शेजारच्या गावाने जुन्या वाचनालयाची खोली दिली, दोन खाटा टाकल्या, मच्छरदाण्या लावल्या. एक वाहक मला म्हणाला होता, सोय नीट असली की त्या गावची ड्यूटी कोणी टाळत नाही. सकाळच्या शाळेसाठी याच्याइतका स्वस्त उपाय मला माहीत नाही.

एसटीचा शब्द आहे भारमान, म्हणजे गाडी किती भरली त्याचं प्रमाण. भारमान पडलं की फेरी जाते. शहराजवळच्या गावात ते पडतं, कारण बस यायच्या पाच मिनिटं आधी शेअर ऑटो फाट्यावर येऊन प्रवासी उचलतात. शिवाय एसटी गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरवते, मिहान (विमानतळाजवळचं उद्योग क्षेत्र) किंवा हिंगणा एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याला ते उलटं पडतं. आणि ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला, तो काळ एकाच सेवेवर अवलंबून असलेली गावं विसरलेली नाहीत.

एनएमआरडीए

हे दार सगळ्यात जड आहे, पण टिकाऊ पैसा तिथेच आहे असं माझं ठाम मत आहे. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१७ मध्ये अस्तित्वात आलं. त्याच्या क्षेत्रात ९ तालुक्यांतली ७१९ गावं आहेत. या गावांत प्लॉट पाडताना, घर बांधताना लोक विकास शुल्क भरतात ते प्राधिकरणाकडे. लेआऊट वाढतात, त्यांतली माणसं रोज शहरात जातात, पण त्या जाण्या-येण्याचा खर्च उचलायला ग्रामपंचायत आणि मनपा एकमेकांकडे बघत बसतात. ज्याच्याकडे वाढीचा पैसा येतो, त्याने वाढीच्या प्रवासाचा वाटा उचलावा, ही मागणी सरळ आहे.

पुण्याचं उदाहरण सभेत सांगण्यासारखं आहे. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली आणि तूट दोन महापालिकांनी ६०:४० अशी वाटून घेतली. तिथेही तक्रारी आहेत, बस अपुऱ्या आहेत. पण वाटा आकड्यात लिहिलेला आहे, म्हणून भांडण ‘कोण देणार’ यावर अडत नाही.

आपल्याकडेही शेजारच्या संस्थांनी मिळून पैसे घालण्याची रीत नवी नाही. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याच्या खर्चात केंद्र आणि राज्याबरोबर मनपा आणि नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) यांचाही हिस्सा धरला होता. दुसऱ्या टप्प्याची मेट्रो बुटीबोरी, हिंगणा, कन्हान आणि ट्रान्सपोर्टनगरकडे जाणार आहे, म्हणजे हद्दीच्या पार. तुमचं गाव या मार्गांच्या चार-पाच किलोमीटरच्या आत असेल, तर बर्डीपर्यंतची बस मागू नका. स्टेशनपर्यंतची लहान बस मागा. किलोमीटर निम्म्याहून कमी होतात, तूटही त्याच हिशेबात उतरते.

वेळ मात्र लागेल. प्राधिकरणाकडे स्वतःच्या बस नाहीत, त्यामुळे ते पैसे देणार आणि मनपा चालवणार असा प्राधिकरण, मनपा आणि गावं अशा तिघांचा करार करावा लागेल. एका गावाच्या अर्जावर हे होत नाही.

चौथा मार्गही लोक सुचवतात: मनपातच सामील व्हा. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मध्ये तसं गेलं. केवळ बससाठी तो निर्णय घेऊ नये. कर, बांधकाम परवानगी, ग्रामसभेचा हक्क, सगळंच त्याबरोबर बदलतं.

माझा कौल

गाव १५ किलोमीटरच्या पलीकडे असेल, तर आधी एसटी आणि मुक्कामी गाडी. तिथे मनपाच्या बसमागे धावण्यात वर्षं जातात. रस्त्यावर सलग तीन-चार मोठी गावं असतील आणि घरपट्टीची वसुली बरी असेल, तर वर्गणी करून मनपाशी करार. आणि नवीन लेआऊटचं गाव असेल, तर शाळेच्या वेळेला एसटी लगेच सुरू करून घ्या आणि एनएमआरडीएचा पाठपुरावा त्याच दिवशी सुरू करा. एक मिळाली म्हणून दुसरी सोडू नका.

ठरावात पाच गोष्टी आकड्यांत लिहा: फेऱ्या किती, किलोमीटर किती, तुटीतला गावाचा वाटा किती, करार किती वर्षांचा आणि बंद करण्याआधी किती दिवसांची लेखी सूचना. सूचना निदान ९० दिवसांची मागा, म्हणजे परीक्षेच्या मध्ये फेरी तुटणार नाही. शेजारच्या गावांनी त्याच महिन्यात त्याच मजकुराचा ठराव घ्यावा आणि सगळ्या प्रती एकाच दिवशी, एकत्र जाऊन, एनएमआरडीएचे महानगर आयुक्त आणि मनपाच्या परिवहन विभागाला द्याव्यात. पोच घ्यायला विसरू नका, आवक क्रमांकासह.