शाळा व्यवस्थापन समितीवर कोणाला निवडायचं? पाच उमेदवार शेजारी शेजारी ठेवून

शाळा व्यवस्थापन समितीची मुदत दोन वर्षांची. बैठक दरमहा व्हायची, म्हणजे निवडून येणाऱ्याच्या हातात साधारण 24 बैठका. पालकसभेत उभं राहून जो जे सांगतो ते या 24 बैठकांत बसेल का, हे मी सगळ्यात आधी बघते. मी स्वतः एक मुदत पालक सदस्य होते. पहिल्या चार-पाच बैठका तर कोणतं रजिस्टर कुठे असतं, हे कळण्यातच गेल्या.

बहुतेक गावांत या निवडीला मतपत्रिका नसते. नावं पुकारली जातात, हात वर होतात, नाहीतर कुणीतरी ‘एकमताने’ म्हणतं आणि टाळ्या पडतात. पंधरा मिनिटांत सगळं उरकतं. म्हणून विचार घरूनच करून जायला हवा.

समितीचा अधिकार कुठवर पोहोचतो, ते आधी पाहू. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळते. आपल्याकडे समिती 12 ते 16 जणांची. अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि अनुदान कसं खर्च होतं यावर लक्ष ठेवणं, ही समितीची कामं. शिक्षक नेमणं किंवा बदली करणं तिच्या हातात नाही. खासगी अनुदानित शाळांत तर ती फक्त सल्ला देते. पुढचं सगळं मी जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महानगरपालिकेच्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे.

बांधकामवाले आणि पोषण आहारवाल्या

जवळपास प्रत्येक पालकसभेत एकजण खोल्या, कंपाउंड, रंगरंगोटी आणि डिजिटल वर्ग यांवर बोलतो. एखादी आई आहार, पाणी आणि मुलींच्या शौचालयावर बोलते. टाळ्या पहिल्याला जास्त पडतात.

पहिल्याला एकच प्रश्न विचारा: पैसा कुठल्या खात्यातून? समग्र शिक्षा अभियानातून शाळेला दरवर्षी मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. पट 31 ते 100 असेल तर 25,000 रुपये, 101 ते 250 असेल तर 50,000. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्यात वीजबिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, फुटलेली कौलं. या पैशात खोली उभी राहत नाही. त्यासाठी जिल्हा परिषदेचा बांधकाम निधी, ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी किंवा लोकवर्गणी लागते. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेचं काम घालायचं तर ग्रामसभेत विषय मांडावा लागतो. ज्या उमेदवाराला हा रस्ता माहीत आहे आणि शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या निदान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा हेही माहीत आहे, त्याचं बांधकाम मी मनावर घेईन. ‘आमदारसाहेबांशी बोलणं झालंय’ एवढंच भांडवल असेल तर नाही.

आहारवालीचं काम वेगळं. त्याला निधीची वाट बघावी लागत नाही आणि अधिकार पूर्णपणे समितीचा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे, त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम, 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम. याचा हिशेब कुणालाही जमतो. पाचवीपर्यंतच्या शाळेत आज 62 मुलं जेवली असतील तर पोत्यातून 6 किलो 200 ग्रॅम तांदूळ निघायला हवा. हजेरीपट आणि साठा रजिस्टर शेजारी ठेवलं की दोन मिनिटांत कळतं.

आमच्या वेळी मी एकदा चव रजिस्टर मागितलं. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात: ‘चांगली’, ‘चांगली’, ‘चांगली’. त्यात दोन रविवारही होते. भांडण कुणीच केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज एक आई शाळेत जाऊन खिचडी चाखायची आणि स्वतः सही करायची, एवढंच ठरवलं. महिन्याभरात डाळ दाट झाली, आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंनीच सांगितलं की हळद-मिठाचे पैसे त्या पदरचे घालत होत्या. हे कुठल्याच रजिस्टरात सापडलं नसतं.

शौचालयाचंही तसंच. मुलामुलींसाठी वेगळं शौचालय आणि पिण्याचं सुरक्षित पाणी हे कायद्याच्या परिशिष्टातच आहे, आणि कागदोपत्री ते बहुतेक ठिकाणी असतंही. पण दाराला आतून कडी आहे का? बादलीत पाणी आहे का? मुलींच्या शौचालयाची किल्ली कुणाकडे असते? सहावी-सातवीतली मुलगी दुपारनंतर घरी का निघून येते, याचं उत्तर कित्येकदा त्या नसलेल्या कडीत असतं. कडी बसवायला सुतार आणि एक सकाळ लागते.

छत गळत असेल, भिंतीला तडा गेला असेल तर बांधकामवालाच आधी, यात शंका नाही. मुलांच्या जिवापुढे दुसरं काही नाही. शाळा धड असेल तर मात्र माझा हात आहारवालीसाठी वर जाईल.

सेमी इंग्रजीवाले आणि वाचनवाले

यातली निवड मला स्वतःला सगळ्यात अवघड गेली.

सेमी इंग्रजी मागणाऱ्या पालकाची काळजी खरी आहे. सकाळी इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी व्हॅन गावात येते आणि आपल्या शाळेतली चार मुलं घेऊन जाते. पट घसरतो. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकांची पदं मिळणार हे ठरवणं, पटावर होते, त्यामुळे पट घसरला की शिक्षकाचं पद जातं, आणि पद गेलं की उरलेले पालकही विचार करायला लागतात. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवलं तर मुलं थांबतील, हा त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. काही शाळांनी खरोखर असा पट सावरला आहे.

पण ठराव समितीने केला तरी शिकवायचं त्याच शिक्षकांनी असतं. म्हणून या उमेदवाराला विचारा: शाळेतल्या शिक्षकांशी बोललात का? त्यांची तयारी आहे का? त्यांच्यापैकी एकाची बदली झाली तर पुढे काय? उत्तर ‘बघू’ असेल तर मुलं इंग्रजी आणि गणित, दोन्हीकडे अधांतरी लटकतील.

वाचनवाला उमेदवार क्वचितच भेटतो, कारण ‘तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आलं पाहिजे’ या वाक्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही. खरं तर सरकारचं उद्दिष्टही तेच आहे. 2021 मध्ये सुरू झालेलं निपुण भारत अभियान 2026-27 पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं म्हणूनच आहे. हे काम दर महिन्याला मोजता येतं आणि मोजायला तज्ज्ञ लागत नाही. ‘असर’ या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या देशव्यापी पाहणीत गेली कित्येक वर्षं स्वयंसेवक घरोघरी हेच करतात: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठे अडखळतं ते लिहून घ्यायचं.

एकदा मी व्हरांड्यात तिसरीतल्या एका मुलासमोर पाटी ठेवली. 42 वजा 17. त्याने क्षणभरही न थांबता 35 लिहिलं. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. दशक सुटा करून आणायचा असतो, हे त्याला कळलंच नव्हतं. प्रगतिपुस्तकात मात्र गणिताला ‘अ’ श्रेणी. मी ती पाटी तशीच बैठकीत नेली. बाईंनी ती हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, ‘माझ्याकडे दोन वर्ग आहेत, ताई. एका वर्गाला वजाबाकी शिकवते तेव्हा दुसरा वर्ग पाटीवर काय करतो, ते मला दिसत नाही.’ त्या दिवसापासून दोन सुशिक्षित सुनांनी आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर तासभर मुलं बसवायला सुरुवात केली. खर्च शून्य.

म्हणून या दोघांत माझा कौल वाचनवाल्याला. मराठीत जे मूल अडखळत वाचतं, त्याच्या हातात विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. वर्गातली मुलं सलग वाचू लागली आणि शिक्षकही तयार असले की मग सेमी इंग्रजीचा ठराव आणा. त्यालाही माझा हात वर असेल.

‘शिक्षक आणतो’ म्हणणारे

पाचवा उमेदवार. याचं आश्वासन सगळ्यांत मोठं आणि समितीच्या अधिकारात सगळ्यांत कमी बसणारं. पदं संच मान्यतेने ठरतात, बदल्या जिल्हा परिषद करते. तरी कायद्याचे आकडे पाठ असलेला माणूस इथे उपयोगी पडतो: पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. कलम 26 प्रमाणे मंजूर पदांपैकी 10 टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. हे कलम लिहून ठराव करणारा, तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घेणारा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाणारा सदस्य हवा. शाळेला टाळं ठोकू म्हणणारा नको. टाळं लागलं तर शाळा आपल्याच मुलांची बुडते.

तुमच्या शाळेसाठी कोण

निवड शाळेकडे बघून करा. पट 30 च्या आत असेल आणि एकाच शिक्षकावर शाळा चालत असेल, तर पाठपुरावा करणारा आणि वाचनवाला असे दोघे हवेतच. पट चांगला असून मुलं दुपारी गळत असतील तर आहार-पाणी-शौचालयवाली. समितीत जागा अनेक आहेत, त्यामुळे पाचही तऱ्हांची माणसं घेता येतात. सगळे एकाच गटाचे किंवा एकाच आळीचे मात्र होऊ देऊ नका. वस्तीवरच्या, पाड्यावरच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या पालकांची जागा कायद्याने त्यांची आहे. सभा मजुरीच्या वेळेला ठेवली की ती माणसं आपोआप बाहेर राहतात, म्हणून सभेची वेळ काय ठेवली आहे हे आधीच विचारा.

आणखी दोन गोष्टी तपासा. शाळा चौथीपर्यंतची असेल आणि उमेदवाराचं मूल चौथीत असेल तर पुढच्या जूनला ते दुसऱ्या शाळेत जाईल, मग दोन वर्षं कोण बसणार? आणि निवडून आलेल्या बाई स्वतः येणार, की त्यांचे यजमान? आमच्याकडे एका ताईंचं नाव दीड वर्ष कागदावर होतं आणि खुर्चीत त्यांचे मालक बसायचे. एकदा ते गावाला गेले म्हणून ताई आल्या. वीजबिल दोनदा लावलं गेलंय, हे पहिल्या दहा मिनिटांत त्यांनीच पकडलं.

अध्यक्ष निवडताना तर हे फार जपा. शाळेच्या खात्याच्या धनादेशावर मुख्याध्यापकांच्या जोडीला अध्यक्षाची सही असते. पालकसभेतच, सगळ्यांसमोर उमेदवाराला विचारा की दर बैठकीत पासबुक आणि रोजकीर्द टेबलावर ठेवाल का, आणि कोऱ्या धनादेशावर सही मागितली तर काय कराल. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि खाली हजर पालकांच्या सह्या घ्या.