थांब्यापासून हॉटेल शोधण्याचे नऊ महिने

गेल्या नऊ महिन्यांत आम्ही चौघांनी, म्हणजे आम्ही दोघे, मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा, चार वेगवेगळ्या शहरांत सहली केल्या आणि एकाही सहलीत स्वतःची किंवा भाड्याची मोटार घेतली नाही. शहरे पाहण्याजोगी होती की नाही, हा या लेखाचा विषय नाही. पहिल्या सहलीत फजिती झाल्यानंतर मुक्काम शोधण्याची जी पद्धत मी स्वीकारली आणि पुढच्या तिन्ही सहलींत वापरली, तिचा हा अनुभव आहे. आधी हॉटेल पसंत करून मग त्याच्या जवळचा थांबा पाहण्याऐवजी आधी थांबा ठरवायचा आणि त्या थांब्याच्या दारापासून हॉटेल शोधायचे, इतकीच ती पद्धत आहे.

पहिल्या वेळी मी बहुतेक जण करतात तेच केले होते. आरक्षणाच्या एका मोठ्या संकेतस्थळावर तारखा भरल्या, 'कुटुंबासाठी योग्य' हा फिल्टर लावला, स्वस्तापासून महागापर्यंत यादी लावून घेतली आणि 'रेल्वे स्थानकापासून ६०० मीटर' असे लिहिलेले हॉटेल निवडले. ते अंतर खोटे नव्हते, पण ते पक्ष्याने उडत जायचे अंतर होते. स्थानक आणि हॉटेल यांच्यामध्ये रूळ पसरलेले होते आणि ते ओलांडण्यासाठी असलेला एकमेव पादचारी पूल स्थानकाच्या दुसऱ्या टोकाला होता, त्यामुळे प्रत्यक्ष चाल साडेअकराशे मीटर भरली. पुलाला ना सरकता जिना होता, ना उताराची वाट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, धाकटा खांद्यावर झोपला होता आणि मोठ्या बॅगेचे एक चाक जिन्याच्या मध्यावरच निखळले. मुलगी पायऱ्या मोजत चढत होती. एका बाजूला ४२ भरल्या. ते चाक तिने खिशात घालून घरी आणले आणि ते अजूनही तिच्या कंपासपेटीत आहे.

त्या रात्रीनंतर अंतर या शब्दाकडे मी संशयाने पाहू लागले. यादीत दिसणारे अंतर बहुधा सरळ रेषेत मोजलेले असते आणि 'शहराच्या मध्यापासून' असे लिहिले असेल तर तो मध्य म्हणजे नकाशावर कोणीतरी टोचलेली एक टाचणी असते. आपल्याला पाहायच्या ठिकाणांचा तिच्याशी संबंध असेलच असे नाही. मिनिटांतले अंतरही तपासून घ्यावे लागते. जपानमध्ये घरांच्या जाहिरातीत स्थानकापर्यंतची चाल मिनिटांत सांगताना ८० मीटरला एक मिनिट असा हिशेब नियमाने ठरलेला आहे. मोठ्या माणसासाठी तो रास्तच आहे, पण त्यात सिग्नलला थांबण्याचा वेळ धरलेला नसतो आणि दर दहा पावलांवर खाली वाकून काहीतरी उचलणारे चार वर्षांचे मूल तर नसतेच नसते. मी धाकट्याची चाल घड्याळ लावून मोजली, ती मिनिटाला ४५ मीटरच्या आसपास निघाली. तेव्हापासून थांब्यापासून ४०० मीटर, आणि तेही प्रत्यक्ष पायवाटेने, ही आमची मर्यादा झाली.

थांबा आधी ठरवायचा म्हणजे काय करायचे, हे थोडे तपशिलाने सांगते. सहलीत जी पाच-सहा ठिकाणे नक्की पाहायची असतात ती मी नकाशावर खुणावते आणि त्यांतल्या जास्तीत जास्त ठिकाणी गाडी न बदलता नेणारी एक मेट्रो, ट्राम किंवा बसची मार्गिका शोधते. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची परिवहन संस्था आणि गूगल यांनी २००५ साली वेळापत्रके एका सामायिक साच्यात मांडायला सुरुवात केली आणि तो साचा पुढे जगभर रुजला, म्हणून आज अनोळखी शहरातली सोमवारची सकाळची गाडीही घरबसल्या पाहता येते. मार्गिका ठरली की तिच्यावरचे मध्यवर्ती भागापासून तीन ते सहा स्थानके बाहेरचे थांबे निवडते, कारण दर उतरलेले असतात ते तिथे. मग प्रत्येक थांब्याचे बाहेर पडण्याचे दरवाजे पाहते. हे दरवाजे फार महत्त्वाचे असतात. मोठ्या भुयारी स्थानकाला सात-आठ दरवाजे असू शकतात आणि त्यांतल्या एखाद्यालाच लिफ्ट असते. आपण चुकीच्या दरवाजातून वर आलो तर आठपदरी रस्ता समोर आणि हॉटेल पलीकडे, असे होते. ओपनस्ट्रीटमॅपवर पुष्कळ शहरांतले हे दरवाजे, पायऱ्या आणि लिफ्ट वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात, म्हणून या कामापुरता मी तोच नकाशा उघडते.

हे सगळे करून पैसे वाचतात का, हा प्रश्न आमच्या घरातही विचारला गेला. दुसऱ्या सहलीच्या वेळी मी मांडलेला हिशेब चलन बाजूला ठेवून देते. मध्यवर्ती हॉटेलचा एका रात्रीचा दर १०० धरला तर दूरच्या हॉटेलचा ७५ होता. एका माणसाचे एका फेरीचे तिकीट २ आणि तिकीट लागणारी माणसे तीन. लहान मूल सोबत असले की दिवसाला दोन नव्हे, चार फेऱ्या होतात, कारण दुपारी त्याला झोपवायला परत यावे लागते. ही गोष्ट मूल नसलेल्यांनी लिहिलेल्या सल्ल्यांत कधीच नसते. म्हणजे २४ प्रवासाचे, एकूण ९९. एका युनिटच्या बचतीसाठी दर फेरीला पस्तीस मिनिटे, म्हणजे दिवसाचे दोन तास वीस मिनिटे गाडीत बसून काढायची. मात्र त्याच शहरात ५ युनिटचा दिवसभराचा पास मिळत होता. तो धरला की प्रवास १५ वर येतो, एकूण ९० होते आणि दूरच्या हॉटेलचा विचार करण्यात अर्थ उरतो. आम्ही दूरचेच घेतले, कारण गाडी बदलावी लागत नव्हती आणि बाबागाडीत झोपलेले मूल उठवावे लागत नव्हते. गाडी बदलावी लागली असती तर ९० वरही मी नको म्हटले असते.

तिकिटाचे नियम हिशेब किती बदलतात, याची कल्पना मला आधी नव्हती. लंडनच्या भुयारी रेल्वेत ११ वर्षांखालची चार मुलांपर्यंत एका मोठ्या माणसासोबत मोफत जातात. सिंगापूरमध्ये उंचीही पाहतात आणि ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीचे मूल मोफत असते. लक्झेंबर्गमध्ये तर २९ फेब्रुवारी २०२० पासून रेल्वेचा पहिला वर्ग सोडला तर देशभरची सार्वजनिक वाहतूकच विनातिकीट आहे. स्वित्झर्लंडमधल्या बासेल आणि जिनिव्हा इथे हॉटेलात मुक्काम केला की शहरातल्या प्रवासाचे कार्ड त्याच्यासोबतच मिळते, त्यामुळे तिथे दूरच्या हॉटेलची बचत थेट खिशात पडते. उलट दिशेचाही एक आकडा लक्षात ठेवावा: ॲम्स्टरडॅममध्ये २०२४ पासून मुक्कामाच्या दरावर १२.५ टक्के पर्यटन कर लागतो. असे कर काही ठिकाणी आरक्षणाच्या वेळी दिसतात, काही ठिकाणी ते माणशी असतात आणि रिसेप्शनवर वेगळे मागितले जातात. म्हणून मी आता रकमांची तुलना शेवटच्या पानावर पोचल्यावरच करते.

खोलीच्या बाबतीत माझा अनुभव पद्धतीपेक्षा नशिबावर अवलंबून राहिला, हे मान्य करावे लागेल. दुसऱ्या सहलीतली 'चौघांची खोली' म्हणजे एक डबल बेड आणि एक सोफा-कम-बेड होता. तो सोफा उघडला की न्हाणीघराचे दार वीतभरच उघडत असे. मुलगी आडवी होऊन कशीबशी आत जायची, आम्हा मोठ्यांना मात्र आधी सोफा मिटवावा लागायचा आणि त्यासाठी त्यावर झोपलेल्याला उठवावे लागायचे. तीन रात्री आम्ही संध्याकाळनंतर पाणी जपून प्यायलो. छायाचित्रांत सोफा मिटलेला होता, त्यामुळे खोटे काही छापले होते असे म्हणता येत नाही. आता मी हॉटेलला लिहून एकच प्रश्न विचारते: सगळे बिछाने उघडल्यावर जमिनीवर बाबागाडी ठेवायला जागा उरते का? या प्रश्नाचे उत्तर चौरस मीटरच्या आकड्यापेक्षा प्रामाणिक येते.

शोधताना 'दोन मोठे, दोन मुले' भरले की तिघांपुरत्या खोल्या असलेली हॉटेले यादीतून सरळ नाहीशी होतात, हेही उशिरा कळले. त्यांतल्याच काही हॉटेलांत दोन साध्या डबल खोल्या एका फॅमिली रूमपेक्षा स्वस्त पडतात. मात्र त्या शेजारी-शेजारी मिळतील याची हमी नसते आणि 'शेजारच्या' खोल्या म्हणजे आतून दार असलेल्या 'कनेक्टिंग' खोल्या नव्हेत, हा फरक लेखी करून घ्यावा लागतो. मुलांची वयेही मुक्कामाच्या दिवशीची भरावीत. मुलीला सहलीच्या दोन आठवडे आधी बारावे पूर्ण झाले, मी आरक्षणाच्या दिवशीचे अकरा भरले होते आणि पोचल्यावर तिचे मोठ्या माणसाचे पैसे द्यावे लागले. चूक माझी होती, पण रिसेप्शनवरच्या गृहस्थांनी तिला 'मॅडम' म्हणून किल्ली दिली आणि ती दोन दिवस त्याच तोऱ्यात वावरली.

तिसऱ्या सहलीत आम्ही यूथ हॉस्टेलमध्ये राहिलो आणि किमतीच्या मानाने तोच मुक्काम सर्वांत चांगला ठरला. जर्मनीतल्या आल्टेना इथल्या किल्ल्यात १९१२ साली पहिले कायमचे यूथ हॉस्टेल सुरू झाले, तेव्हापासून या वसतिगृहांवर तरुणांचा शिक्का आहे. पण आज त्यांपैकी अनेकांत स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या चार खाटांच्या कौटुंबिक खोल्या असतात. हॉटेलांच्या संकेतस्थळांवर त्या नेहमी दिसत नाहीत, हॉस्टेलच्या स्वतःच्या पानावर पाहावे लागते. आमच्या खोलीत दुमजली खाटा होत्या, टीव्ही नव्हता, टॉवेल वेगळे भाड्याने घ्यावे लागले. खाली कपडे धुण्याचे यंत्र होते, ज्यामुळे परतीची बॅग निम्मी झाली, आणि ज्यांना सामान स्वतःच्या हाताने वाहायचे असते त्यांच्या दृष्टीने ही सोय खोलीतल्या टीव्हीपेक्षा मोठी आहे.

चौथ्या वेळी सर्व्हिस अपार्टमेंट घेतले. शेगडी होती, वेगळी झोपायची खोली होती, दर हॉटेलपेक्षा कमी होता, पण शेवटच्या दिवशी त्याचा खरा दोष कळला. किल्ली दाराजवळच्या पेटीत ठेवून सकाळी दहाला बाहेर पडायचे होते आणि आमची गाडी रात्री आठची होती. हॉटेलात रिसेप्शनवर सामान ठेवून दिवसभर फिरता येते. इथे सामान ठेवून घेणारे कोणीच नव्हते आणि स्थानकावरच्या लॉकरमध्ये आमची मोठी बॅग मावेना. मोटार असती तर ती डिकीत राहिली असती. आम्ही दहा तास आळीपाळीने एका बागेत बॅगांजवळ बसून काढले. त्यामुळे माणूस नसलेले अपार्टमेंट मी यापुढे परतीची गाडी दुपारच्या आत असेल तरच घेईन.

या पद्धतीत त्रुटी आहेत. तिने निवडलेली ठिकाणे थांब्याजवळ, म्हणजेच वर्दळीच्या रस्त्यावर असतात. तिसऱ्या सहलीत पहाटे पावणेपाचला पहिली ट्राम वळणावर किंचाळायची आणि त्यापुढे कोणी झोपत नसे. कार्यालयांच्या भागातली हॉटेले शुक्रवार ते रविवार स्वस्त होतात, हे खरे आहे, पण त्याच रविवारी तिथली दुकाने बंद असतात आणि दर आठ मिनिटांनी येणारी बस वीस मिनिटांनी येते, म्हणून वेळापत्रक आपल्या तारखेचेच पाहावे लागते. पदपथ किती रुंद आहे, फुटलेला आहे का, रात्री त्यावर दिवे असतात का, हे नकाशा सांगत नाही. त्यासाठी मी पूर्वीच्या पाहुण्यांच्या अभिप्रायांत 'पायऱ्या', 'सामान', 'लिफ्ट' आणि 'बाबागाडी' हे चार शब्द शोधते. एकूण गुणांपेक्षा या चार शब्दांनी मला जास्त वाचवले आहे. वेळही लागतो, एका मुक्कामामागे माझ्या तीन संध्याकाळी जातात आणि एकट्याने किंवा दोघांनीच फिरणाऱ्यांना एवढा खटाटोप करण्याची गरज मला वाटत नाही. माझ्याकडून पद्धतीला पाचपैकी चार, संकेतस्थळांवरच्या 'कुटुंबासाठी योग्य' या फिल्टरला एक.

पुढच्या महिन्याच्या सहलीसाठी एकाच मार्गिकेवरच्या दोन थांब्यांजवळची दोन आरक्षणे सध्या माझ्याकडे आहेत आणि दोन्ही १४ तारखेपर्यंत विनामूल्य रद्द करता येतात. पहिल्या हॉटेलने काल कळवले की त्यांच्याकडे लिफ्ट आहे, मात्र ती पहिल्या मजल्यापासून सुरू होते. तळमजल्यापासून तिथपर्यंत किती पायऱ्या आहेत, हे मुलीने विचारायला सांगितले आहे. उत्तर अजून आलेले नाही.